मुलीच्या डोळ्याची सोनोग्राफी केली, तर भूल देऊन तपासणी टाळता येईल का?

तुम्ही लिहिलंय की दीड वर्षाच्या मुलीच्या फ्लॅशच्या फोटोंत डाव्या डोळ्यात पांढरी चमक दिसते, डॉक्टरांनी आधी सोनोग्राफी आणि मग भूल देऊन तपासणी सांगितली आहे, आणि एवढ्याशा जिवाला भूल नको असं सासूबाई म्हणतात. नुसत्या सोनोग्राफीवर भागेल का, हा तुमचा प्रश्न. मी पुण्यात डोळ्यांची हीच सोनोग्राफी, म्हणजे बी-स्कॅन, करते. म्हणून स्पष्ट सांगते, नाही भागणार. सोनोग्राफी उद्याच करा, पण भुलेची तारीख रद्द करू नका.

डॉक्टरांना जी शंका आहे तिचं नाव रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर. साधारण १५ ते २० हजार बाळांत एकाला होतो, आणि बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आत. पण पांढरी चमक मोतीबिंदूनेही येते, पडदा सुटल्यानेही येते, पडद्यातल्या रक्तवाहिन्या गळतात त्या कोट्स आजारानेही येते. यातलं नेमकं काय आहे, हे शोधायला सोनोग्राफीची फार मदत होते.

मुलीला दुपट्यात गुंडाळून तुमच्या मांडीवर घेतलं, की मिटलेल्या पापणीवर जेल लावून छोटा प्रोब टेकवतो. इंजेक्शन नाही, किरणोत्सर्ग नाही, काही मिनिटांत होतं. ती रडेल, पण थंड जेलमुळे आणि धरून ठेवल्यामुळे, दुखत नाही. मोतीबिंदूमुळे किंवा आत रक्त साचल्यामुळे पडदा दिसतच नसेल, तरी ध्वनिलहरी मागपर्यंत पोचतात.

मी सगळ्यात आधी कॅल्शियम शोधते. रेटिनोब्लास्टोमाच्या गाठीत बहुधा कॅल्शियमचे कण साचलेले असतात. मशीनच्या स्क्रीनवर ते लख्ख पांढरे दिसतात आणि त्यांच्या मागे काळी सावली पडते. मशीनचा गेन, म्हणजे परत येणाऱ्या लहरी किती ठळक दाखवायच्या ते, हळूहळू कमी केला की बाकीचं चित्र विझत जातं, हे ठिपके मात्र शेवटपर्यंत टिकतात. मग गाठीची उंची मोजते, पडदा सुटलाय का बघते, दोन्ही डोळ्यांची लांबी घेते. गर्भात असताना डोळ्यात असलेल्या रक्तवाहिन्या जन्मापर्यंत विरघळायच्या राहून गेल्या असतील, त्यानेही अशी चमक येते, तर तो डोळा बहुधा दुसऱ्यापेक्षा लहान भरतो. कोट्समध्ये सुटलेल्या पडद्यामागे पाणी दिसतं, पण भरीव गाठ सापडत नाही. दोन्ही डोळे तपासायचा आग्रह धराच, चमक एकातच दिसत असली तरी.

आता सोनोग्राफी कुठे कमी पडते ते सांगते. एक-दोन मिलिमीटरची चपटी गाठ निसटू शकते. रडणाऱ्या बाळाचे डोळे वर फिरतात, मग पडद्याच्या कडा नीट हाती लागत नाहीत. काही गाठी पसरट असतात आणि त्यांत कॅल्शियम नसतंच. उलट कॅल्शियम दिसलं म्हणजे कॅन्सरच, असंही नाही. त्यामुळे रिपोर्ट चांगला आला म्हणून कुणी निर्धास्त होऊन घरी बसलं, तर मला फार काळजी वाटते.

भुलेत बाळ शांत असतं. ड्रॉप्सने बाहुल्या मोठ्या करून डॉक्टर दोन्ही पडदे कडेपर्यंत डोळ्यांनी बघतात, फोटो काढतात. सोनोग्राफीही तेव्हा पुन्हा नीट होते. निदान मुख्यतः त्यावरच ठरतं. इतर कॅन्सरसारखी सुईने तुकडा काढून तपासणी इथे सहसा करत नाहीत, कारण सुईच्या वाटेने पेशी डोळ्याबाहेर पसरू शकतात. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस किंवा डोळ्यामागचा भाग बघायला एमआरआय लागतो. सीटीत किरणोत्सर्ग असतो, म्हणून तो शक्यतो टाळतात. यातल्या काही मुलांत १३व्या गुणसूत्रावरच्या आरबी१ जनुकातला दोष शरीरभर असतो, आणि त्यांना किरणांमुळे पुढे दुसरा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो.

सासूबाईंची माया समजते. त्यांना डॉक्टरांकडे सोबत घेऊन जा, भूलतज्ज्ञांशी थेट बोलू द्या. हा आजार डोळ्याच्या आत असतानाच सापडला तर बहुतेक मुलं बरी होतात, अनेकदा डोळाही वाचतो. मागच्या नसेतून मेंदूकडे गेला तर सगळं फार अवघड होतं. म्हणून महिनाभर थांबू नका.

तुम्ही हडपसरला राहता, तर मोहम्मदवाडीचं ह. वि. देसाई नेत्र रुग्णालय जवळ आहे. स्टेशनजवळ ससून आहे. निदान पक्कं झालंच तर परळचं टाटा मेमोरियल. खर्चाची चिंता असेल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना विचारा. मोबाइलमधले चमकीचे फोटो डिलीट करू नका. जुने फोटोही चाळा, चमक कधीपासून आहे ते डॉक्टरांना कळेल. आणि निदान तेच निघालं, तर तिच्या मोठ्या भावाचेही डोळे ड्रॉप्स घालून तपासून घ्या.