सतारमेकर गल्लीला सरकारी दर्जा मिळाला तर कारागिराला काय मिळेल?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मिरजेतल्या, सतारी-तानपुरे बनवणाऱ्या सतारमेकर गल्लीला सातारा जिल्ह्यातल्या भिलारच्या 'पुस्तकांचं गाव'सारखा काहीतरी सरकारी दर्जा मिळावा असं तुमच्याकडच्या काही मंडळींच्या मनात आहे, अर्जाची जुळवाजुळव सुरू आहे, आणि कारागिराच्या पदरात यातून नेमकं काय पडणार, हे कुणीच नीट सांगत नाही. माझी बावीस वर्षं कारागिरांचे प्रकल्प अहवाल लिहिण्यात आणि मग त्यांच्या फायलींमागे फिरण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो. थोडं लांबेल.

आधी भिलार, कारण सगळे तेच उदाहरण देतात. ४ मे २०१७ ला ते सुरू झालं. राज्य मराठी विकास संस्थेने गावातली पंचवीसेक ठिकाणं निवडली. घरं, देऊळ, शाळा, लॉज असं सगळं त्यात होतं. भिंती रंगवून घेतल्या, कपाटं आणि खुर्च्या दिल्या, सुमारे १५ हजार पुस्तकं ठेवली. पुस्तकं विकायची नाहीत, बसून वाचायची, तीही फुकट. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून सुचलेली, पण तिथे जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत, म्हणजे धंदा आहे. आपल्याकडे धंदा वगळून बाकीचं घेतलं. भिलारमध्ये ते चाललं, कारण भिलारकरांचं पोट पुस्तकांवर नाही. स्ट्रॉबेरी आहे, पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरचे पाहुणे आहेत. ज्याने ओसरीवर कपाट ठेवू दिलं त्याच्याकडे माणसं येतात, जेवतात, कधी मुक्काम करतात. तरी पावसाळ्यात भिंतींना ओल सुटते तेव्हा पुस्तकं पुसायची कुणी, हा प्रश्न उरतोच, आणि तो बहुतेक घरातल्या बाईच्या वाट्याला येतो. सरकारी पत्रकात त्या पुसण्याला ओळ नसते.

आता तुमची गल्ली बघा. तिथे रिकामी ओसरी कुणाकडे आहे? पुढच्या खोलीत काम, वर आढ्याला सतारीच्या तुंब्यासाठी टांगलेले भोपळे, मागे संसार. मी दोनदा आलो होतो. एका घरात बसायला जागा करायची म्हणून त्यांना अर्धवट झालेला तानपुरा उचलून आत ठेवावा लागला होता. तिथे पर्यटक कुठे उभा करणार?

जागेपेक्षा मोठी अडचण जवारीची आहे. जवारी म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात ती घासून आवाजाला झंकार आणणं. भोपळा कापताना, दांडी तासताना, नक्षी करताना लोकांनी बघितलं तर बिघडत नाही. पण जवारी कानाने लावायची असते. घोडीवर कानशीचा एक हात फिरवायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा हात फिरवायचा. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली तरी थांबणारे कारागीर मी पाहिलेत. गल्लीत शनिवार-रविवारी पाचशे माणसं सेल्फी काढत फिरू लागली तर ज्या कामामुळे मिरजेचं वाद्य मिरजेचं ठरतं, तेच काम रात्री अकरानंतर ढकलावं लागेल. अर्जात 'पर्यटन विकास' हा शब्द घालण्याआधी एकदा जवारीवाल्यांना विचारा. त्यांना कुणी विचारलं नसणार, अशी मला शंका आहे.

दर्जा जागेला मिळतो, माणसाला नाही. सगळी गोम इथे आहे. दक्षिण कोरियाची राजधानी सोल. तिथला इन्साडोंग हा भाग म्हणजे जुनी चित्रं, कुंचले, हातकागद यांच्या दुकानांची पेठ. २००२ साली त्या देशातलं पहिलं अधिकृत सांस्कृतिक क्षेत्र म्हणून ते जाहीर झालं. कोणते धंदे तिथे नकोत हे ठरलं, पारंपरिक दुकानांना सवलती मिळाल्या. गर्दीही वाढली, आणि गर्दीमागून भाडी. जुन्या दुकानदारांपैकी बऱ्याच जणांनी तिथून बिऱ्हाड हलवलं. आपल्या मुंबईत काळा घोडा बघा. तिथल्या इमारतींना वारसा म्हणून संरक्षण आहे, जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे, दर फेब्रुवारीत महोत्सवाला रस्ता भरून जातो. आणि त्याच चौकातलं ऱ्हिदम हाऊस, जिथे आमच्या पिढीने उभ्या उभ्या कॅसेटी ऐकल्या, ते २०१६ ला बंद झालं. इमारत राहिली. त्यात कुणाचा दोष आहे असं मी म्हणत नाही, गाणं विकत घेण्याची पद्धतच बदलली. पण परिसराच्या लौकिकाने आतला धंदा वाचत नाही, एवढं त्यातून कळतं.

म्हणून तुमच्याकडे पहिली गोष्ट तपासायची ती ही, की गल्लीतले किती कारागीर स्वतःच्या घरात आहेत आणि किती भाड्याच्या. भाड्याचे जास्त निघाले तर दर्ज्याच्या आधी भाड्याची तजवीज मागा, नाहीतर पाच वर्षांनी 'सतारमेकर गल्ली' अशी सुंदर कमान असेल आणि तिच्याखाली मोबाईलची दुकानं.

आता पैशांचं. नुसत्या दर्ज्याबरोबर पैसा आपोआप येतो असा गैरसमज फार आहे. पैसा योजनेतून येतो आणि योजनेचे निकष वेगळे असतात. 'स्फूर्ती' ही केंद्राची योजना क्लस्टरसाठी, म्हणजे एकाच भागात एकच काम करणाऱ्या कारागिरांच्या समूहासाठी आहे. पाचशेपर्यंत कारागीर असतील तर अडीच कोटींपर्यंत, त्याहून जास्त असतील तर पाच कोटींपर्यंत मदत, असे तिचे आकडे होते. ताजा आदेश मात्र स्वतः वाचून घ्या, हे निकष बदलत असतात. त्यात सामाईक सुविधा केंद्र, कच्च्या मालाची पेढी, प्रशिक्षण असं बसतं. आणि नेमकं इथेच लोक फसतात. आमच्या एका प्रकल्पात केंद्र उभं राहिलं गावापासून सहा किलोमीटरवर, कारण जागा तिथे स्वस्त मिळाली. यंत्रं आली ती थ्री-फेजवर चालणारी, जोडणी आली चौदा महिन्यांनी. तोवर यंत्रांवर कबुतरं बसत होती. तिथल्या कारागीर बायका म्हणाल्या, रिक्षाला रोज साठ रुपये घालून तिथे जायचं आणि मिळवायचे किती? उद्घाटनाचे फोटो मात्र झकास आले होते. (मीही आहे त्यात, फेटा बांधून.) अहवाल मीच लिहिला होता आणि त्यात रिक्षाभाड्याचा हिशोब नव्हता, ही चूक माझीच.

कारागिरांसाठीच्या केंद्राच्या विश्वकर्मा योजनेचं बऱ्याच जणांनी तुम्हाला सांगितलं असेल. २०२३ च्या सप्टेंबरात ती आली तेव्हा तिच्यात १८ व्यवसाय होते. सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, न्हावी, शिंपी, अगदी मासेमारीची जाळी विणणारेही. वाद्यं करणारे नव्हते. काही जण सुतार म्हणून नाव नोंदवतात. चालून जातं, पण मग कागदावर तुमच्या गल्लीत सतार करणारा कुणीच उरत नाही, फक्त सुतार दिसतात, आणि उद्या कुणी मोजदाद केली तर तीच तुमच्या अंगावर येते. यापेक्षा वाद्यकारागीर हा वेगळा व्यवसाय म्हणून यादीत घ्या, अशी मागणी लावून धरणं जास्त मोलाचं. कमानीपेक्षा तर नक्कीच.

आता जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाबद्दल. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे चांगलंच झालं. पण हे मानांकन एखाद्या संस्थेच्या नावावर असतं. प्रत्येक कारागिराला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून आपली वेगळी नोंद करावी लागते. २०२० पासून तिची फी दहा रुपये आहे. पूर्वी पाचशे होती. दहा रुपयांचं काम असूनही ते राहून जातं, कारण फॉर्म इंग्रजीत आणि सोबत जोडायचा पुरावा कुठला, हे कुणाला ठाऊक नसतं. एक रविवार काढा, दोन शिकलेली पोरं बसवा, गल्लीभर फॉर्म भरून घ्या. त्याला कुणाच्या दर्ज्याची गरज नाही.

अर्जात मी काय मागितलं असतं? कमान, संग्रहालय, लेझर शो यातलं काही नाही. लाकूड वाळवून ठेवायला कोरडं गोदाम, गल्लीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. घरात काम चालतं म्हणून घरपट्टी आणि वीज व्यापारी दराने लागू नये, याचा लेखी खुलासा. शिकाऊ पोराला पहिली दोन वर्षं विद्यावेतन, कारण हात बसेपर्यंत तो कमवत नाही आणि बाप त्याला डिलिव्हरीच्या कामाला लावतो. सरकारी संगीत विद्यालयांची वाद्यखरेदी थेट गल्लीतून. पाहुण्यांसाठी एकच खोली, गल्लीच्या तोंडाशी, तिथे आळीपाळीने एक कारागीर बसेल आणि त्या दिवसाची मजुरी त्याला मिळेल. बाकीच्या घरांत पाहुणा जाणार नाही. आणि हे सगळं पहिल्या वर्षापुरतं नको, किमान पाच वर्षांच्या चालू खर्चासकट हवं. बांधकामाला पैसे मिळणं सोपं असतं, झाडूवाल्याच्या पगाराला मिळत नाहीत.

सुरुवात यादीने करा. नाव, वय, काम कोणतं (भोपळा, सुतारकाम, नक्षी, पॉलिश, जवारी), घर स्वतःचं की भाड्याचं, हाताखाली कुणी शिकतंय का. शेवटच्या रकान्यात किती ठिकाणी 'नाही' येतं ते मला कळवा, त्यावरून अर्जाचा मसुदा ठरवता येईल.

एक मात्र विसरू नका. हद्द आखायला बसाल तेव्हा नकाशा शनिवार पेठेतच संपवाल. पण भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. तो कडू भोपळा लावणारा शेतकरी तुमच्या हद्दीत नाही, जिल्ह्यातही नाही. त्याने उद्या भोपळा सोडून ऊस लावला तर गल्लीच्या दर्ज्याचं काय करणार आहात? त्या शेतकऱ्यांची नावंही यादीत घ्या, भले वेगळ्या कागदावर.