‘आभार मान’ म्हणतात, पण तोंडून शब्द फुटत नाही

प्रश्न : बाई, सलाम. माझं वय ३८. सासूबाईंना अर्धांगवायू होऊन सात महिने झाले. भरवणं, पुसणं, कूस बदलणं सगळं माझ्याकडेच. यांचं काम दिवाळीपासून बंद आहे, मुलाची यंदा दहावी. चर्चच्या स्त्रियांच्या सभेत बोलले तर म्हणाल्या, “आभार मान, दहाजणींपेक्षा बरं आहे तुझं.” तेव्हापासून प्रार्थनेला बसलं की शब्दच फुटत नाही. कधी वाटतं, उद्याची सकाळ उजाडूच नये. माझा विश्वास कमी पडतोय का?
– एक भगिनी, संगमनेर तालुका

उत्तर : सलाम. माझ्या लेकीच्या वयाची आहेस, म्हणून अगं-तुगं करते.

झोप किती मिळते तुला? पत्रात लिहिलेलं नाहीस, पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, म्हणजे रात्रीचं काय होत असेल ते मला कळतं. विश्वासाची झडती घेण्याआधी एलीयाची गोष्ट पुन्हा वाच, बायबलातलं १ राजे हे पुस्तक, १९वा अध्याय. एवढा मोठा संदेष्टा, पण रतामाच्या झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणाला. देवदूतानं त्याला एका शब्दानंही दटावलं नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं आणि पुन्हा उठवून खायला घातलं.

आणि ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ असं प्रेषित पौल लिहितो. स्थितीत, स्थितीबद्दल नव्हे. अर्धांगवायूबद्दल आभार मान, असं देव तुला सांगत नाही. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तेव्हा आधी गाऱ्हाणं घाल. मोठ्यानं घाल, रडून घाल.

माझे यजमान तीन वर्षं डायलिसिसवर होते. आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास. दुसऱ्या वर्षी माझी प्रार्थना बंदच पडली. एका रात्री दुधाचा हिशेब लिहायला दिनदर्शिका काढली आणि ‘दीड लिटर’च्या खाली लिहिलं, ‘आज सुई एकदाच टोचावी लागली.’ बस, एवढंच. त्या दिवशी नर्सबाईंचा हात पहिल्याच खेपेला बरोबर बसला होता, एरवी दोन-दोनदा टोचायच्या. पुढे रोज त्या चौकटीत काहीतरी लिहायला लागले : ‘एसटीत खिडकी मिळाली’, ‘भाजी खारट झाली तरी हे जेवले’. काही चौकटीत नुसतं दूधच आहे. ते दिवस तसेच होते, खोटं कशाला लिहू? पण महिनाभरानं पान उलटताना मी कितीतरी दिवसांनी ‘प्रभू’ अशी हाक मारली, आणि छातीवरचा दगड थोडा सरकला. आजार होता तिथेच होता. ते गेले त्याला आता सहा वर्षं झाली, ती दिनदर्शिका अजून माझ्या कपाटात आहे.

दोन कामं मात्र याच आठवड्यात कर. सकाळ उजाडू नये असं वाटतं, हे डॉक्टरांना सांग, अगदी याच शब्दांत. दवाखाना लांब पडत असेल तर १४४१६ वर फोन लाव. मनाच्या त्रासावर बोलण्यासाठीची सरकारची टेलिमानस सेवा आहे, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. यात विश्वासाला कमीपणा नाही.

दुसरं, ज्यांनी आभार मानायला सांगितलं, त्यांच्यातल्याच दोघींना म्हण, “बुधवारी दुपारी दोन तास सासूबाईंजवळ बसाल का?” नुसती ‘प्रार्थना करा’ अशी विनंती ठेवू नकोस, वार आणि वेळ सांग. पाळकसाहेबांच्या कानावरही घाल. यांचं काम बंद आहे ना, मग रात्रीची एक पाळी यांच्याकडे दे. आईच आहे त्यांची.

आणि त्या दोन तासांत भांडी घासू नकोस. दार लोटून घे आणि झोप. बुधवारी कोण आलं, ते मला नक्की कळव.