वाचकांचे प्रश्न : डाख, राळ आणि पांढरा थर

प्रश्न : रेपिअर मागावर बाणा तुटला की माग थांबवणाऱ्या पिझो सेन्सरच्या (धाग्याच्या कंपनातून वीज तयार करणाऱ्या) कार्डातली आयसी बदलली. उन्हाळाभर नीट चाललं. पावसाळा लागल्यापासून धागा शाबूत असतानाही माग थांबतोय. सॅनिटायझर आणि टूथब्रशने कार्ड पुसलं, तर डाखांभोवती पांढरा थर आला. आयसी पुन्हा बदलू का?
— एक वाचक, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

उत्तर : आयसीला सध्या हात लावू नका, आधी तो थर काढा. 'नो-क्लीन' फ्लक्स, म्हणजे डाख नीट बसावा म्हणून लावायचा आणि नंतर पुसावा न लागणारा राळेचा लेप, पुरेसा तापला की त्यातली आम्लं राळेच्या कडक कवचात बंद होतात आणि गप्प बसतात. तुम्ही कवच अर्धवट विरघळवलंत, आतले क्षार मात्र तिथेच राहिले. हवेतला ओलावा शोषला की ते वीज गळू देतात. पिझो सेन्सरचा सिग्नल मेगाओहममधल्या रेझिस्टन्सवर चालतो, त्यामुळे इतर कार्डांना जाणवणारही नाही एवढी गळतीसुद्धा इथे पुरते. त्यात सॅनिटायझरमध्ये पाणी असतं आणि बहुधा ग्लिसरीनही. ग्लिसरीन वाळत नाही, उलट ओल ओढून घेतं.

खात्री करायची असेल तर कार्ड मागातून काढा, मीटर 20 मेगाओहमवर ठेवा आणि सर्किटमध्ये एकमेकांशी न जोडलेल्या दोन शेजारच्या पॅडवर (डाख बसतो त्या तांब्याच्या ठिपक्यांवर) प्रोब धरा. तोंडाने हलकी वाफ सोडा. आकडा उमटून हळूहळू नाहीसा झाला तर मळ वीज वाहतोय.

सफाईला 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. दुकानात 'आयपीए' म्हटलं की देतात. थोडं वाटीत ओता, ब्रश बाटलीत बुडवू नका. ब्रशचे केस कापून सेंटीमीटरभर ठेवले की जोर लागतो. डाख भिजवून मिनिटभर थांबा, मग घासा. खरी चूक होते ती यापुढे. आयपीए राळ विरघळवतं, उचलत नाही; तसंच वाळू दिलं तर एका जागचा मळ कार्डभर पसरतो. म्हणून ओलं असतानाच वर धागे न सुटणारं कापड अंथरा आणि कापडावरूनच ब्रश दाबत फिरवा, मळ कापडात चढतो. मग ताजं आयपीए घेऊन दुसरा हात. कार्ड तिरपं धरून कडेने निथळू द्या, नाहीतर आयसीच्या पोटाखाली साचतं. मागाजवळचं कॉटन वेस्ट यासाठी वापरू नका, त्याचे तंतू चिकट राळेत अडकतात आणि तेही ओल धरतात.

एवढं करूनही पांढरं उरलं तर ते क्षार आहेत, आयपीएला दाद देणार नाहीत. कोमट डिस्टिल्ड वॉटरने घासा, मग पाणी हाकलायला पुन्हा आयपीए. बोअरचं पाणी नको, त्यातलेच क्षार मागे राहतील. उघडा रिले, बझर किंवा प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा छोटा रेझिस्टर) असेल तर त्यावर पाणीही नको, आयपीएही नको. हेअर ड्रायरच्या मंद हवेने पूर्ण वाळवा, वरची चाचणी पुन्हा करा, आणि मगच कनेक्टरला टेप लावून अ‍ॅक्रिलिक कोटिंगचा फवारा मारा. मळावर कोटिंग म्हणजे ओल आत कोंडणं.

प्रश्न : नवी पेठेत 60/40, 63/37 आणि लेड-फ्री (शिसं नसलेली) अशा सोल्डरच्या तारा दाखवतात. दुरुस्तीसाठी कोणती घ्यावी?

उत्तर : 63/37, राळेचा गाभा असलेली, 0.8 मिलिमीटर, एसएमडीच्या (कार्डाच्या पृष्ठभागावरच बसणाऱ्या भागांच्या) बारीक पायांना 0.5. ही 183 अंशांना एकदम वितळते आणि एकदम गोठते. 60/40 गोठताना काही अंश लापशीसारखी राहते. तेवढ्यात पाय हलला की डाख खडबडीत होतो. लेड-फ्री तार मिश्रणाप्रमाणे 217 ते 227 अंशांना वितळते, म्हणून सोल्डरिंग आयर्नचं बीट (टोक) 350 ते 380 ठेवावं लागतं. 63/37 ला 320 ते 350 पुरतं.

स्वस्तातली तार घेताना आकड्यांचा क्रम बघा. पहिला आकडा कथलाचा, दुसरा शिशाचा. 40/60 पूर्ण वितळायला सुमारे 238 अंश लागतात, ती पत्र्याच्या कामाची. लेड-फ्री कार्डावर 63/37 ने दुरुस्ती चालते. बिस्मथचं सोल्डर असेल तर मात्र जुनं सगळं काढूनच नवं लावा, कारण कथील, शिसं आणि बिस्मथ एकत्र आले की शंभर अंशांच्या आतच वितळणारं मिश्रण तयार होऊ शकतं.

आणि हो, डोळ्यांत जातो तो धूर राळेचा, शिशाचा नव्हे. पण त्यानेही दमा होऊ शकतो, तेव्हा पंखा धूर चेहऱ्यापासून दूर ओढेल असा ठेवा. शिसं पोटात जातं ते हातांवरून. जेवणाआधी साबणाने हात धुवा.

प्रश्न : डबीतली पिवळी फ्लक्स पेस्ट लावावी का? पुसायला थिनर चालेल?

उत्तर : डबीवर घटक लिहिलेले नसतील तर कार्डावर नकोच. काही पेस्टमध्ये झिंक क्लोराइड किंवा नवसागर असतो. कल्हईला नवसागर ठीक, भांडं नंतर घासलं जातं. कार्डात तो महिनोन्‌महिने तांबं खात बसतो आणि डाखाजवळ हिरवी-निळी भुकटी दिसू लागते. राळेलाच नुसती हिरवट झाक असेल तर घाबरू नका, ती सहसा निरुपद्रवी असते.

थिनर कनेक्टरचं प्लॅस्टिक आणि कार्डावरची छपाई खातं. जुने कारागीर सीटीसी, म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड, मागतात. ते यकृताला घातक आहे, आणि ओझोन थरासाठीच्या माँट्रियल करारानुसार 2010 पासून या वापरासाठी बंद आहे. आयपीएही पेट घेतं. त्याची वाफ 12 अंशांच्या आसपासच पेटण्याजोगी होते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो. वाटी उघडण्याआधी सोल्डरिंग आयर्नचा प्लग काढा आणि बीट गार होऊ द्या.