प्लास्टिकचा करार कुठे अडलाय? तुमच्या प्रश्नांची उत्तरं

समुद्रातल्या प्लास्टिकबद्दल खूप प्रश्न आलेत, सगळे घेणं शक्य नाही, पण जे परत परत विचारले गेले ते आज घेते.

प्रश्न (पुणे): जिनिव्हाला एवढे देश जमले, प्लास्टिक वाईट हे सगळ्यांनाच मान्य, मग करार का झाला नाही?

कारण वाद त्यावर नव्हताच. मार्च 2022 मध्ये नैरोबीला 175 देशांनी ठरवलं की 2024 संपायच्या आत सगळ्यांना बंधनकारक करार करायचा. मग उरुग्वे, पॅरिस, परत नैरोबी, ओटावा, बुसान अशा बैठका झाल्या आणि ऑगस्ट 2025 मध्ये जिनिव्हाला दहा दिवस बसून, शेवटी रात्रभर जागून 15 तारखेला सकाळी सगळे काहीही न ठरवता उठले. एका बाजूला नॉर्वे आणि रवांडाच्या पुढाकाराने जमलेला गट, त्यांचं म्हणणं नवीन प्लास्टिक किती बनवायचं यालाच मर्यादा घाला. दुसऱ्या बाजूला सौदी, कुवेत, रशिया, इराणसारखे तेलवाले देश, ते म्हणतात कचऱ्याचं काय ते बघा, उत्पादनाला हात लावू नका. प्लास्टिक जवळजवळ सगळं तेल आणि गॅसपासूनच बनतं, म्हणजे प्रश्न त्यांच्या धंद्याचा आहे. पण 2019 मध्ये जगात साधारण 46 कोटी टन प्लास्टिक वापरलं गेलं आणि त्या वर्षीच्या कचऱ्यातलं जेमतेम 9 टक्के रिसायकल झालं, मग नुसतं कचऱ्याचं बघून कसं भागणार?

आणखी एक गोष्ट आहे जी बातम्यांमध्ये फारशी येत नाही. निर्णय सगळ्यांच्या संमतीनेच घ्यायचा की मतदान चालेल हेच अजून पक्कं ठरलेलं नाही, 2023 ला पॅरिसमध्ये तर पहिले दोन दिवस यातच गेले. तोवर सगळ्यांची संमतीच लागते, म्हणजे मूठभर देश अडून बसले की बाकीच्या शंभराचं काही चालत नाही. मला विचाराल तर खरी गाठ इथे आहे, मतदानाची सोय झाल्याशिवाय हे पुढे सरकेल असं मला वाटत नाही.

प्रश्न (नागपूर): भारतसुद्धा उत्पादनावर मर्यादा नको म्हणतो असं वाचलं, खरं का?

हो, खरं आहे. भारताचं म्हणणं असं की हा विकासाच्या हक्काचा प्रश्न आहे, आधी पैसा आणि टेक्नॉलॉजी द्या आणि निर्णय सर्वसंमतीनेच घ्या. यातलं पैशाचं म्हणणं मला पूर्ण पटतं, मर्यादेला विरोध नाही पटत. ओझोनचा थर वाचवण्यासाठीचा मॉन्ट्रियल करार आठवा, 1987 चा. तो घातक गॅसच्या उत्पादनावरच बंधन घालणारा करार होता आणि भारत सुरुवातीला त्यात नव्हता, 1990 मध्ये गरीब देशांसाठी निधी ठरला आणि 1992 ला आपण आत गेलो. तेव्हा आपण अडून बसलो ते निधीसाठी आणि ते बरोबरच होतं, आज प्लास्टिकच्या बाबतीतही तसंच करता येईल, निधी पक्का करून घ्या आणि त्या बदल्यात मर्यादा माना.

प्रश्न (दापोली): केरळजवळ जहाज बुडालं तेव्हा किनाऱ्यावर पांढरे दाणे आले होते. ते आपल्याकडे येतील का? आणि भरपाई कोण देणार?

हा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण याबद्दल फार कमी लोक विचारतात. 25 मे 2025 ला एमएससी एल्सा 3 हे लायबेरियाचा झेंडा असलेलं जहाज कोचीजवळ 640 कंटेनर घेऊन बुडालं. त्यातल्या काही कंटेनरमध्ये प्लास्टिकचा कच्चा माल होता, कारखान्यात ज्याला नुसतं 'दाणा' म्हणतात तो. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, म्हणून दाणे तिरुवनंतपुरमकडे गेले. हिवाळ्यात तोच प्रवाह उलटा, उत्तरेकडे वाहतो. त्यामुळे तुमची शंका चुकीची नाही, थंडीत किनाऱ्यावर फिरताना भरतीच्या रेषेवर मसुराएवढे गोल दाणे दिसतात का ते बघत जा, दिसले तर फोटो आणि तारीख ठेवा.

भरपाईचं म्हणाल तर केरळ सरकारने जहाज कंपनीवर हायकोर्टात 9,531 कोटींचा दावा लावला. श्रीलंकेत 2021 मध्ये एक्स-प्रेस पर्ल जळून बुडालं, साधारण 1,680 टन दाणे समुद्रात गेले, तिथल्या सुप्रीम कोर्टाने जुलै 2025 मध्ये जहाज कंपनीला 1 अब्ज डॉलर भरायला सांगितलं. म्हणजे चार वर्षं गेली, तीही नुसता आदेश यायला. आणि मला सगळ्यात खटकतं ते हे की हा माल आजही जहाजावर 'धोकादायक' म्हणून मोजला जात नाही. कंटेनर डेकच्या खाली किंवा आडोशाला ठेवा, पॅकिंग मजबूत करा अशा सूचना आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2024 मध्ये दिल्या, पण त्या ऐच्छिक आहेत. हे सक्तीचं करायला कुठल्या नव्या कराराची वाट बघायची गरजच नाही.

प्रश्न (कोल्हापूर): श्रीमंत देश त्यांचा कचरा आपल्याकडे पाठवतात ते कधी थांबणार?

थोडं थांबलंय. 2018 मध्ये चीनने असा कचरा घेणं बंद केलं, 2019 ला नॉर्वेच्या प्रस्तावावरून बेसल करार, म्हणजे घातक कचरा एका देशातून दुसऱ्या देशात पाठवण्यावर नियम घालणारा करार, बदलला आणि 1 जानेवारी 2021 पासून मिसळलेलं, घाणेरडं प्लास्टिक पाठवायचं तर घेणाऱ्या देशाची आधी परवानगी लागते. अमेरिका मात्र या करारात नाही.

प्रश्न (वर्सोवा): मॅडम, आम्ही कोळी. डोल जाळ्यात मासळीबरोबर पिशव्या येतात, निवडण्यात तास जातात. परत टाकलं तर आम्हालाच दोष. आम्ही काय करायचं?

दोष तुमचा नाही दादा, तो कचरा नाल्यातून आणि खाडीतून येतो. पण परत टाकू मात्र नका. जहाजांमुळे होणारं समुद्राचं प्रदूषण रोखायला मार्पोल नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याचं पाचवं परिशिष्ट 1988 च्या शेवटापासून लागू आहे, बोटीवरून समुद्रात प्लास्टिक टाकायला त्यात पूर्ण बंदी आहे, फाटलेली जाळीसुद्धा त्यात आली. पण त्याच परिशिष्टात हेही लिहिलंय की बंदरावर कचरा उतरवून घ्यायची पुरेशी सोय सरकारने करायची, आणि ही बाजू तुम्हाला कुणी सांगत नाही. केरळात कोल्लमला 2017 पासून मच्छीमार जाळ्यात आलेलं प्लास्टिक बंदरावर आणतात, तिथे ते धुऊन, बारीक करून रस्त्याच्या डांबरात वापरलं गेलं. तुमच्या जेटीवर तशी जागा नसेल तर सोसायटीच्या लेटरहेडवर मत्स्यव्यवसाय खातं आणि मेरीटाईम बोर्ड दोघांना पत्र द्या, त्यात मार्पोल, परिशिष्ट पाच, एवढं स्पष्ट लिहा आणि पोच घ्यायला विसरू नका.