फॉर्मल व्हेरिफिकेशन घेऊ की एमएल?

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीचा, मुंबईत कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या थर्ड इयरला आहे. इलेक्टिव्हमध्ये फॉर्मल व्हेरिफिकेशन आलंय पण वर्गातले जवळपास सगळे मशीन लर्निंगला (एमएल) पळालेत. सीनियर म्हणतात नुसतं गणित आहे, आणि टेस्टिंग असताना हे कशाला? गणित माझं बेताचंच. घेऊ का?

उत्तर : फॉर्मल व्हेरिफिकेशन म्हणजे सर्किट किंवा प्रोग्रॅम बरोबर चालतो हे गणिताने सिद्ध करणं. टेस्टिंगचं आधी बघू. ३२ बिटचे दोन आकडे घेणारं सर्किट आहे, सगळ्या जोड्या तपासायच्या आणि सेकंदाला १०० कोटी तपासल्या तरी ५८४ वर्षं लागतील, म्हणून सगळे थोड्या जोड्या तपासून देवावर हवाला ठेवतात. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम चिपचा भागाकार असाच चुकला, टेबलमधल्या ५ नोंदी गायब होत्या आणि चुकायचा तो अगदी मोजक्या जोड्यांवर, म्हणून टेस्टिंगमधून निसटला. भुर्दंड ४७.५ कोटी डॉलर! त्यानंतर चिपवाल्यांनी हा विषय मनावर घेतला.

गणिताला घाबरू नकोस. डिस्क्रीट मॅथ्समधलं लॉजिक, सेट, इंडक्शन नीट आलं की सुरुवातीला पुरतं, आणि सिद्धतेची बरीच हमाली टूलच करतं. अवघड भाग वेगळाच आहे, आणि तो सीनियर लोक सांगत नाहीत कारण त्यांनी पेपरपुरता अभ्यास केलेला असतो : नेमकं काय सिद्ध करायचं ते लिहिणं.

दिवा स्टेशनचं रेल्वे फाटक तुला माहितीच असेल. समज तू फाटकाचं मॉडेल केलंस आणि अट लिहिलीस की गाडी जाताना फाटक कधीच उघडं नसावं, टूल म्हणालं सिद्ध झालं, तू खूश, आणि मग बघतोस तर तुझ्या मॉडेलमध्ये फाटक कधी उघडतच नाही! अट पाळली गेलीय पण रिक्षावाले जन्मभर तिथेच. म्हणजे ‘वाईट घडू नये’ याच्या जोडीला ‘चांगलं कधीतरी घडावंच’ हेही लिहावं लागतं, पहिल्याला सेफ्टी म्हणतात, दुसऱ्याला लाइव्हनेस. सॉफ्टवेअरमध्येही तेच, सॉर्टिंगचं उत्तर चढत्या क्रमात असावं एवढंच लिहिलंस तर सगळीकडे शून्य भरून देणारा प्रोग्रॅमपण पास होतो, मूळचेच आकडे परत आले पाहिजेत हे लिहायचं राहिलं ना.

टूल फुकट आहेत. मॉडेल चेकिंगसाठी, म्हणजे मॉडेलच्या सगळ्या शक्य अवस्था तपासायला, स्पिन घे, प्रोग्रॅम बरोबर आहे हे सिद्ध करायला डॅफ्नी. स्पिन चूक सापडली की कुठल्या पायरीने गडबड झाली तो सगळा रस्ताच दाखवतं, डीबगिंग केलेल्या माणसाला याची किंमत कळेल. मात्र मॉडेल छोटं ठेव, एकेक बिट वाढला की शक्य अवस्था दुप्पट होत जातात आणि लॅपटॉपचा पंखा केकाटायला लागतो.

नोकरीचं खरं सांगते, चिप व्हेरिफिकेशनचं काम मुख्यतः बंगळुरू, हैदराबाद, नोएडाकडे, मुंबईत कमी. घर सोडायची तयारी हवी. पुढे रिसर्च करावासा वाटला तर पवईला आयआयटीत यावर काम करणारी मंडळी आहेतच.

फॉर्म भरायच्या आधी सिलॅबसमध्ये लॅब आहे का तेवढं बघ. असेल तर बिनधास्त घे. नुसती थिअरी असेल आणि तू एमएलवाल्यांच्या मागे गेलास तरी मी काही ओरडणार नाही, स्पिन काय घरीपण चालतं.