मिरचीतल्या अफ्लाटॉक्सिनसाठी एलसी-एमएसला ईएसआय लावावं की एपीसीआय?

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मिरची पावडर घेतलीय, तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) एलसी-एमएसवर, म्हणजे कॉलममध्ये घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर मोजायचंय आणि सोर्स (रेणूंचे आयन करणारा भाग) कोणता लावू, ईएसआय (प्रभारित थेंब फवारणारा) की एपीसीआय (वाफेत आयन करणारा), असं तुम्ही विचारलंय. मी नंदुरबारचा. मिरचीचं नाव आलं म्हणून लिहायला बसलो, आणि याच विषयावर एका सरांशी माझं जोरदार वाजलेलं आहे.

तेव्हा मी एका खासगी लॅबमध्ये होतो. आमच्याकडच्या लाल मिरचीचा एक लॉट ईएसआयवर युरोपच्या मर्यादेत बसला. बी1, म्हणजे अफ्लाटॉक्सिनचा सगळ्यात विषारी प्रकार, त्यासाठी ती मर्यादा किलोला 5 मायक्रोग्रॅम आहे. रिपोर्ट गेला आणि माल तिकडच्या तपासणीत अडकला. व्यापारी शेठ लॅबमध्ये आले, तर सरांनी त्यांनाच सुनावलं, "सॅम्पल तुम्ही नीट काढलं नाही."

मला ते पटलं नाही. सगळे गेल्यावर मी कॉलम आणि सोर्सच्या मध्ये टी (तीन तोंडांचा जोड) बसवला, सिरिंज पंपाने बी1चं स्टँडर्ड (माहीत मात्रेचं शुद्ध द्रावण) एकसारखं सोडत ठेवलं आणि अफ्लाटॉक्सिन नसलेल्या मिरचीचा अर्क इंजेक्ट केला. स्क्रीनवरची बी1च्या सिग्नलची सरळ रेघ सुरुवातीला दबली. तिथे क्षार बाहेर पडतात, ते ठीक. पण नेमकी बी1 कॉलममधून बाहेर पडण्याच्या वेळेला ती पुन्हा खाली बसली आणि ती वेळ सरेपर्यंत वर आलीच नाही. ईएसआयमध्ये थेंबाच्या पृष्ठभागावर प्रभारासाठी रेटारेटी असते, आणि मिरचीतली तेलं-रंगद्रव्यं तिथे आधीच जागा धरून बसतात. आमचं कॅलिब्रेशन (सिग्नलवरून मात्रा काढायची रेषा) मात्र शुद्ध मिथेनॉलमधलं. आकडा कमी येणारच!

एपीसीआयमध्ये आधी सगळ्याची वाफ होते, मग कोरोना सुईपाशी विद्रावकाचे आयन तयार होऊन रेणूला प्रोटॉन देतात. थेंबावरची ती मारामारी तिथे नाही. सोर्स बदलून तोच प्रयोग केला तर खड्डा बराच उथळ निघाला. सरांचं उत्तर एकच, "ईएसआयला नोबेल मिळालंय." मिळालंय ना, 2002 साली, जॉन फेन यांना. पण ते प्रथिनांसारखे अवाढव्य रेणू न मोडता आयन करून दाखवले म्हणून. आपला बी1 फक्त 312 वस्तुमानाचा. त्याच्यासाठी नोबेलचा दाखला देऊन काय उपयोग?

म्हणून माझं मत एपीसीआय. तुमच्या विभागात तो सोर्स नसला तर ईएसआयही चालेल, पण मग कॅलिब्रेशन मिरचीच्याच अर्कात करायचं किंवा कार्बन-13 लावलेलं बी1 अंतर्गत स्टँडर्ड म्हणून, म्हणजे प्रत्येक नमुन्यात ठरावीक मात्रेत, तुलनेसाठी घालायचं. उष्णतेने मोडणारे रेणू किंवा पेप्टाइड असतील तर एपीसीआयच्या वाटेला जाऊ नका. मिरचीचा परिणाम एपीसीआयमध्येही शून्य होत नाही. फॉस्फेट बफर दोन्हीकडे वर्ज्य, अमोनियम फॉर्मेट घ्या. आणि सॅम्पलिंगचं म्हणणं अगदी खोटं नाही. अफ्लाटॉक्सिन पोत्यात सारखं पसरलेलं नसतं, एखाद्याच बुरशीच्या मिरचीत भरपूर सापडतं. पण ते सांगायचं तर आपलं कॅलिब्रेशन तपासून झाल्यावर सांगावं.

तुमचे गाईड "मिथेनॉलमधलं स्टँडर्ड पुरे" म्हणाले तर मिथेनॉलमधली आणि अर्कातली अशा दोन्ही रेषा एकाच आलेखावर काढा, उतारातला फरक टक्क्यांत लिहा आणि आलेख प्रबंधात घालायला लावा.