वाचकांचे प्रश्न : चौथीच्या वर्गात गोव्याचा इतिहास

प्रश्न : मुलांना 1510, 1668, 1961 ही सालं तोंडपाठ आहेत. पण 'शिवाजी महाराज आधी की पोर्तुगीज आधी?' असं विचारलं की वर्ग गप्प. काय करावं? (एक शिक्षिका, पेडणे)

उत्तर : या वयात साल वाचता येतं, पण दोन सालांमधलं अंतर जाणवत नाही. ते डोळ्यांना दिसायला हवं. त्यासाठी भिंतीलगत दोरी ताणा. एक सेंटिमीटर म्हणजे एक वर्ष. 1510 पर्यंत सहा मीटर दोरी पुरते.

सुरुवात आजपासून करा आणि मागे जा. पाठ्यपुस्तकं नेमकी उलटी येतात, म्हणून त्या काळात मुलांना स्वतःची जागाच सापडत नाही. दाराकडचं टोक 2026 धरलं तर मुलांचा जन्म 9 सेंटिमीटरवर येतो. गोवा घटक राज्य झालं ते (1987) 39 वर, पोर्तुगीजांपासून मुक्ती (1961) 65 वर, शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा केलेला जीर्णोद्धार (1668) 3 मीटर 58 वर आणि पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने गोवा घेतला ते 1510 थेट 5 मीटर 16 वर. आई-बाबा आणि आजी यांच्या जन्मसालाच्या चिठ्ठ्या मुलांनी घरून आणाव्यात. आजीची चिठ्ठी मुक्तीच्या आसपास लागली की 1961 हे साल आपोआप घरचं होतं.

मग एकाला 1510 पासून 1961 पर्यंत टाचेला बोट लावत चालायला सांगा. साधारण वीस-बावीस पावलं पडतात. तिथून आजपर्यंत जेमतेम तीन. पोर्तुगीज राजवट 451 वर्षांची होती, हे त्यानंतर फळ्यावर लिहा, आधी नको.

बिघडतं ते दोन ठिकाणी. गाठी मारून खुणा केल्या तर एकेक गाठ दोन-तीन सेंटिमीटर खाते, म्हणजे तेवढी वर्षंच गायब. त्यामुळे कपड्यांचे चिमटे लावा. दुसरं, चिठ्ठ्यांची गर्दी. दहाच्या वर गेल्या की मुलं दोरी बघायची सोडून चिठ्ठ्या वाचत बसतात. तांबडी सुर्ल्याचं कदंब राजांच्या काळातलं देऊळ (बारावं-तेरावं शतक) आठ मीटरच्या आसपास येतं. भिंत संपली तर दोरी व्हरांड्यात न्या. वर्गाबाहेर जावं लागतं, एवढं मागचं आहे हे, यातच अर्धा धडा होतो.

प्रश्न : वर्गात हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान अशी सगळी मुलं आहेत. पोर्तुगीज काळात देवळं पाडल्याचा भाग सांगावा की गाळावा? (एक शिक्षक, फोंडा)

उत्तर : गाळू नका. फोंड्यातली मुलं जत्रेला जातात, देव इथे कुठून आला ते घरी ऐकतात. शाळेने मौन पाळलं तर घरी ऐकलेलं तेवढंच उरतं. सांगताना नकाशा पुढे ठेवा. मंगेश देव 1560 मध्ये कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. जुवारी नदी निळ्या खडूने काढा आणि विचारा : नदीपलीकडेच का? कारण फोंडा तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता, आदिलशाहीत होता. मूर्ती नेणाऱ्यांना सीमा ओलांडायची होती. हे कारण मुलं स्वतः शोधतात, आणि शोधलेलं विसरत नाहीत.

वाक्याचा कर्ता मात्र जपा. 'ख्रिश्चनांनी पाडलं' म्हटलं की मागच्या बाकावरचा मुलगा आरोपी होतो. 'पोर्तुगीज सत्तेने पाडलं' म्हणा, कारण ते हुकूम सत्तेचे होते. त्याच तासाला 1787 चा पिंटोंचा उठाव सांगा : कांदोळीच्या पिंटो घराण्याशी जोडलेला, पोर्तुगीजांविरुद्धचा, आणि त्यात गोमंतकीय ख्रिस्ती पाद्रीच पुढे होते. 1928 मध्ये गोवा काँग्रेस कमिटी स्थापन करणारे त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्याही ख्रिस्तीच. इन्क्विझिशनच्या, म्हणजे तेव्हाच्या ख्रिस्ती धर्मन्यायालयाच्या, शिक्षांचं वर्णन प्राथमिकला नको. ते वरच्या वर्गांसाठी राहू द्या.

प्रश्न : सहलीला तांबडी सुर्ल्याला नेतो, पण मुलं नुसती हुंदडतात. (एक शिक्षिका, सत्तरी)

उत्तर : हुंदडू द्या, पण सोबत चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, एक तुकडा न्या. देवळाच्या भिंतीशी धरा आणि फरक सांगायला लावा. गोव्यातली घरं चिऱ्याची, हे देऊळ काळ्या बेसॉल्टचं. मग प्रत्येकाने एकच नक्षी निवडून पोस्टकार्डाएवढ्या कागदावर काढायची. मोठा कागद दिला की मुलं अख्खं देऊळ काढायला जातात आणि काहीच नीट बघत नाहीत.